आठव्या मांडणीचा अंधार

शिवलिंगप्पांनी चाळीस वर्षं टॉवेल विणले, पण म्हातारपणी आपल्याला अंधार राखावा लागेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नीलम नगरातली त्यांची शेड एकेकाळी बारा मागांची. खडखडाट असा की लगतच्या त्यांच्या घरात दोन बायका भांडल्या तरी एकीचं दुसरीला ऐकू जात नसे, आणि म्हणूनच आमचं घर सुखानं चाललं, असं शिवलिंगप्पा स्वतःच सांगत. मग एकेक माग गप्प झाला. शेवटचे चार गेल्या दिवाळीनंतर भंगारवाल्यानं टेम्पोत घालून नेले. शेड रिकामी पडली आणि इतक्या वर्षांच्या आवाजानं कधी न दुखलेले शिवलिंगप्पांचे कान त्या शांततेनं दुखायला लागले.

रिकाम्या शेडवर दोघांचा डोळा होता. एक धाकटा भाऊ सिद्धलिंग. शेड दोघांच्या वाटणीची. त्याचं म्हणणं, कुरिअरवाल्याला गोदाम म्हणून देऊन टाकू, कुलूप त्याचं, किल्ली त्याची, डोक्याला ताप नाही. दुसरी शिवलिंगप्पांची मुलगी ऋतुजा. फुलझाडांचं शिक्षण घेऊन तिनं पुण्याच्या एका नर्सरीत दोन वर्षं नोकरी केली होती. एका रविवारी ती बॅग घेऊन आली आणि म्हणाली, "आप्पा, मी शेडमध्ये कुंडीतली शेवंती करणार. खिडक्या बंद करून, दिव्यांवर."

"अय्यो," शिवलिंगप्पा म्हणाले, "सोलापुरात उन्हाला गिऱ्हाईक न्हाय, आणि तू पदरचे दिवे लावणार?"

"उजेडाचं सोडा. शेवंतीला अंधार नीट लागतो. ती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. सलग चौदा तास अंधार मिळाला की तिला वाटतं, थंडी आली, आता कळी धरावी."

"आणि मधीच उजेड पडला तर?"

"तर मोजणी मोडली. रात्र झालीच नाही असं ती धरते. मग कळी नाही, नुसता पाला."

शिवलिंगप्पांना हे पटलं नाही, पण आवडलं. जगात आपल्याखेरीज आणखी कुणीतरी मोजत बसलेलं आहे, आणि तेही बिनतक्रार, या विचारानं त्यांना त्या रोपांविषयी एकदम आपुलकी वाटली.

सिद्धलिंगला मात्र आपुलकीबिपुलकी काही वाटली नाही. त्यानं अट घातली. "नागपंचमीपर्यंत थांबतो. कुंड्यांच्या आठ मांडण्या लावणार ना? आठीच्या आठींवर कळ्या दिसल्या तर शेड पोरीची. एक जरी मांडणी बिनकळ्यांची निघाली तर गोदाम. गठ्ठ्यात एक थान खराब निघालं की व्यापारी सगळा गठ्ठा परत करतो, अण्णा, तुमाला सांगायला नको."

पुण्याच्या नर्सरीनंही ऋतुजाची जागा श्रावण संपेपर्यंत राखून ठेवली होती. म्हणजे आठही मांडण्या फुलल्या तर मुलगी सोलापुरात, नाही तर पुण्यात. शिवलिंगप्पांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं घरात एकच ताट वाढलं जायचं, ते आता कुठं दोन व्हायला लागलं होतं. पण हे तोंडानं बोलले तर ते शिवलिंगप्पा कसले? गल्लीत ते एवढंच म्हणत, "मला काय की बाबा. फुलली तर फुलली."

कामाची वाटणी झाली. रोपं ऋतुजाची. पाणी सोजरबाईचं. ही सोजरबाई वैरागकडची. वीस वर्षं शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत होती, आता कुंड्या भरायला लागली. आणि अंधार शिवलिंगप्पांचा.

अंधार करणं सोपं नाही, हे त्यांना चार दिवसांत कळलं. खिडक्यांना आतून पत्रे ठोकले. भिंतींना काळं प्लास्टिक लावलं. दाराच्या आत दुसरं दार बसवलं आणि दोन्हींच्या मध्ये जाड काळा पडदा सोडला. हवेसाठी वाकडी नळी घातली, म्हणजे हवा वळून आत येईल, उजेडाला काही वळता येणार नाही. दक्षिणेच्या भिंतीवर सिद्धरामेश्वरांची मोठी तसबीर होती. शिवलिंगप्पांच्या वडिलांनी, सिद्रामप्पांनी, शेड उघडली त्या दिवशी लावलेली. तिथं आल्यावर शिवलिंगप्पांनी कात्री मागून घेतली, तसबिरीच्या आणि वरच्या बल्बच्या मापानं प्लास्टिकला चौकोन पाडला आणि कडा चिकटपट्टीनं अशा बसवल्या की देवाच्या अंगाला काळं लागू नये. भिंतीवरचं सगळ्यात सुबक काम तेवढंच झालं.

सोलापूरच्या उकाड्यात दिवसा दिवे लावले तर शेडची भट्टी झाली असती. म्हणून ऋतुजानं आतला दिवस रात्री केला. घड्याळावर चालणारं बटण बसवलं. मध्यरात्री बाराला दिवे लागत, सकाळी दहाला विझत. बाहेर पोरं शाळेत निघाली की आत शेवंती झोपायला जाई.

शिवलिंगप्पांनी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: तारीख, वेळ, भोकं, शेरा. तपासणीची वेळ दुपारी बारा, कारण ऊन डोक्यावर असताना पत्र्याला सुईएवढं भोक असलं तरी आतून ताऱ्यासारखं चमकतं. रोज बाराला ते दोन्ही दारं ओलांडून आत जात, दारं लावून घेत, देवाला हात जोडत आणि मान वर करून तारे मोजत. पहिल्या आठवड्यात सदतीस तारे निघाले. डांबर लावून लावून सदतीसचे नऊ झाले, नवाचा एक झाला, आणि एका मंगळवारी छपरावर एकही तारा उरला नाही. त्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, "अंधार पूर्ण," आणि खाली सही केली. पुढचा महिनाभर रोज हाच शेरा आणि हीच सही. सोजरबाईला सही दाखवून ते म्हणाले, "बघ, एवढा चोख अंधार अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा न्हाय."

"व्हय की आप्पा," ती म्हणाली. "आमच्या वैरागला रोज रातीला मिळतोय, पर त्येला कोण सही करतंय?"

चौथ्या आठवड्यात पहिल्या मांडणीवर कळ्या दिसल्या. हिरव्या, मिरीच्या दाण्याएवढ्या, शेंड्याला चिकटून बसलेल्या. मग दुसरीवर, मग तिसरीवर. आठवडाभरात सात मांडण्या कळ्यांनी भरल्या. आठवी मात्र पाल्यानं माजली होती. हिरवीगार, उंच, टवटवीत, आणि कळीच्या नावानं पूज्य.

"अजून दोन दिवस बघू," ऋतुजा म्हणाली.

दोन दिवस झाले, चार झाले. तिनं कुंडी कुंडी तपासून कागदावर खुणा केल्या. कळी असेल तिथं गोल, नसेल तिथं फुली. फुल्यांचा आकार विचित्र निघाला. आठव्या मांडणीच्या मधोमध सगळ्या फुल्या, कडेला एखाद-दुसरा गोल, आणि सातवीच्या मागच्या अंगालाही चार-पाच फुल्या. कुणीतरी दक्षिणेच्या भिंतीला टेकून अर्धं वर्तुळ काढावं तसं.

"आप्पा, हा उजेडच आहे. कुठून तरी या भिंतीकडून येतोय."

"उजेड न्हाय," शिवलिंगप्पा वही उघडून म्हणाले. "हे बघ. सत्तावीस दिवस. माझी सही हाय. तुझ्या पुस्तकातच कायतरी चूक असणार."

हे त्यांनी त्या रात्री जेवताना एकदा म्हटलं, ताक पिताना एकदा म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला पुन्हा म्हटलं. ऋतुजा उठून गेली. शिवलिंगप्पा समोरच्या अर्ध्या भाकरीकडं बघत बसले आणि आपण हे तीनदा का म्हटलं, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

मग संशयाचं सत्र सुरू झालं. आधी खत. आठवीला जास्त पडलं असेल. ऋतुजा म्हणाली, सगळ्यांना एकाच बादलीतलं पाणी जातं. मग सोजरबाई. "तू दुपारी डबा ठेवायला आत जातीस का?"

"म्या? त्या अंधारात? आप्पा, भर दुपारी तितं भुतंबी जायाची न्हाईत. मला इचाराल तर नजर लागलीया. लिंबू बांधा."

लिंबू-मिरची बांधली. लिंबू सुकलं, आठवी आणखी दोन बोटं उंच झाली.

शिवलिंगप्पांना रात्री झोप येईना. सात मांडण्या फुलतात आणि आठवी नाही. माती तीच, पाणी तेच, छप्पर तेच, सही तीच. गणितात एक आकडा चुकला तर माणूस पुन्हा बेरीज करतो. इथं बेरीज तर बरोबर येत होती, उत्तर तेवढं चुकत होतं. हे असं कसं? तिसऱ्या रात्री ते एकदम उठून बसले. दक्षिणेची भिंत! भिंतीच्या पलीकडं कोण आहे? शेखलाल.

शेखलाल म्हणजे गेट, ग्रिल, शटर. त्याचं वेल्डिंगचं दुकान शिवलिंगप्पांच्या शेडला पाठ लावून तीस वर्षं उभं होतं. वेल्डिंग म्हणजे उजेड, आणि तो कसला, तर डोळे जाळणारा. शिवलिंगप्पा सकाळीच तिथं हजर झाले.

"शेखलाल, तुझ्या उजेडानं माझ्या शेवंतीची झोपमोड हुती."

शेखलालनं डोक्यावरचा मुखवटा वर केला. "क्या आप्पा, सकाळी सकाळी? नऊ इंचाची भिंत हाय मधी. माझ्या वेल्डिंगमधी एवढी ताकद असती तर मी ग्रिल कशाला करत बसलो असतो? रॉकेट नसतं का सोडलं?"

"भिंतीला चीर असंल."

"असंल तर दाखवा. चला, मी येतो आत. अझर हितनं वेल्डिंग मारंल, आपण तितनं बघू. उजेड दिसला तर उद्यापासून दुकान समोरच्या अंगाला नेतो. न्हाय दिसला तर चहा तुमचा."

अझर, म्हणजे अझरुद्दीन, त्याचा मुलगा, हसत हसत मशिनीपाशी गेला. दोघं म्हातारे बारा वाजता शेडमध्ये शिरले. पहिलं दार, पडदा, दुसरं दार. शिवलिंगप्पांनी कडी घातली, सवयीनं हात जोडले आणि आठव्या मांडणीपाशी येऊन उभे राहिले. शेखलालनं भिंतीवर थाप मारली.

"अझर, मार!"

पलीकडून चर्र्र आवाज आला. भिंत जशीच्या तशी. पुन्हा चर्र्र. काही नाही.

"दिसला?" शेखलालनं विचारलं.

"न्हाय," शिवलिंगप्पा नाइलाजानं म्हणाले.

"म्हंजे मी सुटलो."

"तू सुटलास रे. पण मग ही का अशी?"

शेखलालनं शिवलिंगप्पांना खालीवर न्याहाळलं.

"आप्पा, एक बोलू? राग न्हाय ना येणार?"

"बोल की."

"तुमच्या सदऱ्याचं वरचं बटन तुटलंय."

"तुटलंय. मग? शिवायला सवड कुणाला हाय?"

"तुटू दे. पण ते मला दिसतंय."

"डोळं चांगलं हायत तुझं."

"कुटलं चांगलं? चैत्रात तर मोतीबिंदू काढला."

"मग डॉक्टर चांगला भेटला."

शेखलालनं कपाळावर हात मारून घेतला. तोही शिवलिंगप्पांना स्वच्छ दिसला, पण दिसलं त्याचा अर्थ काही डोक्यात शिरेना.

"आप्पा, तुमचं तोंड तांबडं दिसतंय."

"दिसणारच. परवा नागपंचमी हाय. रागानं न्हाय दिसणार तर काय?"

"आणि माझं?"

शिवलिंगप्पांनी निरखून पाहिलं. शेखलालची पांढरी दाढी मेंदी लावल्यासारखी लालसर दिसत होती. "तुझंबी तांबडंच हाय. तू कशाला रागावलास?"

"मी न्हाय ना रागावलो," शेखलाल हळूच म्हणाला. "म्हणून तर इचारतोय."

तीस वर्षांच्या शेजारात शेखलालनं शिवलिंगप्पांच्या स्वभावाला नावं ठेवली होती, टॉवेलांना ठेवली होती, एकदा तर त्यांच्या मेहुण्यांनाही ठेवली होती. पण दुसऱ्याच्या देवाकडं बोट करायचं नाही, हे तो कसोशीनं पाळत आला होता. आताही त्यानं बोट केलं नाही. तो फक्त भिंतीकडं पाठ करून उभा राहिला आणि आपली समोर पडलेली सावली बघत बसला. त्याच्या सावलीकडून शिवलिंगप्पांची नजर त्याच्या पायांकडं गेली, पायांकडून भिंतीकडं आणि भिंतीवरून वर.

तसबिरीवर झिरोचा तांबडा बल्ब जळत होता. सिद्रामप्पांनी लावला तेव्हापासून तो तिथं जळतच होता. एक फुटला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. त्याची वायर घरातून आलेली, शेडच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही. महिन्याहून जास्त दिवस शिवलिंगप्पांनी त्याच्याच खाली उभं राहून, त्याच्याचकडं बघून हात जोडले होते आणि मग मान वर करून उजेड शोधला होता.

"पण त्यो लाईट न्हाय," ते म्हणाले. "त्यो देवाचा हाय."

"मी कुटं काय म्हटलं?" शेखलाल म्हणाला. "तुमचा देव, तुमचं झाड. पण आप्पा, उजेड कुणाचा हाय हे झाडाला कोण सांगणार?"

चहा पिऊन शेखलाल गेला. कुणापाशी बोलणार नाही, असं न सांगताच सांगून गेला.

शिवलिंगप्पा वही घेऊन बसले. तारीख लिहिली, वेळ लिहिली. भोकं: शून्य. शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं आणि अडले. "अंधार पूर्ण" म्हणावं तर खोटं. "अपूर्ण" म्हणावं तर मागच्या सगळ्या सह्यांचं काय? आणि देवाच्या दिव्याला उजेड धरायचं की नाही, हे ठरवणारे आपण कोण? तासाभरानं त्यांनी रकाना कोराच ठेवला.

संध्याकाळी ते स्टूल घेऊन आत गेले. वर चढून बल्बला हात घातला. गरम होता. वडील म्हणत, "रात्री सगळे घरी जातात. देव एकटाच शेडमध्ये. त्याला अंधारात कसा ठेवायचा?" शिवलिंगप्पा तसेच खाली उतरले. तसबीर काढून घरात न्यावी? पण वाटणीच्या कागदावर सिद्धलिंगनं मुद्दाम लिहून घेतलं होतं: घर थोरल्याचं, शेड दोघांची, देव शेडचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ऋतुजाला सांगणं. ती पहिल्या दिवसापासून भिंतीकडून उजेड आहे म्हणत होती आणि आपण जेवताना, ताक पिताना आणि न्याहारीला तिचं पुस्तक चुकीचं ठरवत होतो. आज सांगू, उद्या सांगू करता करता नागपंचमी उजाडली.

सिद्धलिंग सकाळी आठला आला, नवा सदरा घालून, तोंडात वेलदोडा. आतले दिवे चालू होते. पहिल्या मांडणीपाशी तो थबकला. वाकून बघितलं, बोटानं एक कळी चाचपली. "बरं केलंस की, पोरी," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर जरा ओशाळला. दुसरी, तिसरी, चौथी. सातवीपर्यंत त्याचा चेहरा एवढा खुलला, की गोदामाचं तो विसरला की काय, असं वाटावं. मग आठवी आली.

"हे काय?"

"काका, इथं कळी नाही आली." ऋतुजाचा आवाज बारीक झाला होता. "कुठून तरी उजेड येतोय. मी सगळं शोधलं, सापडला नाही. माझंच काहीतरी राहून गेलं."

सिद्धलिंगनं श्वास सोडला. "वाईट वाटतंय बघ. पण ठरलं ते ठरलं. आठ म्हणजे आठ."

"हो काका. सोमवारी मी पुण्याला कळवते."

शिवलिंगप्पा एक पाऊल पुढं आले. "उजेड सापडलाय," ते म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. "कुटनं येतोय?" सिद्धलिंगनं विचारलं.

शिवलिंगप्पांनी हात उचलून तसबिरीकडं केला. त्याबरोबर सिद्धलिंगनं पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. ऋतुजानंही जोडले. पाण्याचा डबा घेऊन आलेल्या सोजरबाईनं डबा खाली ठेवून जोडले.

"अरे, हात जोडू नका," शिवलिंगप्पा कळवळून ओरडले, "बघा!"

तिघं बघत राहिले. सगळ्यांत आधी ऋतुजाच्या लक्षात आलं. तिनं कपाळाला हात लावला आणि ती हसायला लागली, मग हसताहसता डोळे पुसायला लागली. "तांबडा! आप्पा, शेवंतीला सगळ्यांत जास्त कळतो तो तांबडाच उजेड. एवढासा असला तरी तिला वाटतं दिवस आहे. आणि मी रोज इथं उभी राहून मोजमाप घेत होते हो!"

"तू न्हाय चुकलीस," शिवलिंगप्पा जमिनीकडं बघत म्हणाले. "राखणदार मी. सह्या माझ्या. परवाच कळलं मला. बोललो न्हाय."

सिद्धलिंग गोंधळला. तो एकदा बल्बकडं बघे, एकदा आठव्या मांडणीकडं. "म्हंजे देवानंच अडवलं? देवाच्या मनात फुलं न्हाईत?"

"देवाच्या मनात नसतं तर सात मांडण्या कशा आल्या असत्या?"

"मग देव हलवायचा? ते जमणार न्हाय, अण्णा. कागदात लिहिलंय. आणि विझवायचा तर न्हायच न्हाय. इतक्या वर्षांत एकदा विझला न्हाय त्यो."

"काका, लोडशेडिंग होतं तेव्हा?" ऋतुजानं विचारलं.

"ते सरकारनं विझवलं. आपण न्हाय."

हलवायचा नाही, विझवायचा नाही आणि कळ्या तर हव्यात. शिवलिंगप्पा मांडणीच्या लोखंडी कडेला धरून उभे होते. ज्या जागी ती मांडणी होती तिथं पूर्वी नऊ नंबरचा माग होता.

"सिद्धलिंग," ते सावकाश म्हणाले, "आपल्या शेडमधी चोवीस तास कोण काम करत होतं?"

"कुणी न्हाय. पाळ्या होत्या की."

"मग देवाला एकट्यालाच का रे बाबा? इतकी वर्षं झाली, ना सुट्टी, ना बदली. त्यालाबी पाळी लावू. रात्री बाराला दिवे लागले की त्यो लागंल, सकाळी दहाला विझले की त्यो विझंल. आपण विझवायचा न्हायच. घड्याळ विझवंल."

सिद्धलिंगनं बोटांवर हिशेब केला. पाळ्यांवरून कामगारांशी घासाघीस करण्यात त्याची उमर गेली होती, त्यामुळं या वाटेनं आलेला मुद्दा त्याला टाकता येईना. "बारा ते दहा. दहा तास हुतात," तो म्हणाला. "आठाच्या वर दोन तास जादा हुतायत."

"जादा कामाचं एक नारळ जास्त फोडू."

"ते बरोबर हाय," सिद्धलिंग म्हणाला. मग एकदम सावध झाला. "पण अट मोडली ती मोडलीच."

"मोडली. पण पोरीनं मोडली का आपण? बल्ब आपल्या बानं लावला, राखला मी, हात तू जोडलेस. तिचं थान खराब निघालं न्हाय, सिद्धलिंग. त्यावर डाग आपण पाडला."

सिद्धलिंगनं चपला शोधल्या, एक उलटी पडली होती ती पायानं सुलटी केली. "दिवाळीपर्यंत," तो म्हणाला. "आठीच्या आठी. त्या वेळेला देवाचं नाव सांगायचं न्हाय कुणी." आणि जाता जाता पहिल्या मांडणीवरची एक कुंडी त्यानं, घरी दाखवायला म्हणून, काखेत मारली.

ऋतुजा लगेच पक्कड घेऊन आली, तर सोजरबाई आडवी. "आज कायबी कापायचं न्हाय! नागपंचमी हाय. वायर झाली म्हणून काय झालं?" तेव्हा ते काम दुसऱ्या दिवसावर गेलं. एका दिवसाची नोटीस देवालाही मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजानं वायर जोडली. दहाला पाच कमी असताना शिवलिंगप्पा आत जाऊन उभे राहिले. पहिला अंधार आपणच तपासणार, असा त्यांचा हट्ट. ऋतुजानं बाहेरून दोन्ही दारं लावली.

टक् झालं. दिवे गेले आणि त्यांच्याबरोबर तो तांबडा ठिपकाही गेला.

असा अंधार त्यांनी या शेडमध्ये उभ्या जन्मात पाहिला नव्हता. डोळे उघडे की मिटले तेही कळेना. त्यांनी हात जोडले आणि मग शंका आली, तोंड नक्की कुठल्या भिंतीकडं आहे? ते थोडे वळले. आणखी थोडे वळले. आता तर कुठलीच दिशा राहिली नाही.

"ऋतुजा! दार कुठाय?"

"आप्पा, मोबाईल लावू नका हं!" बाहेरून आवाज आला, पण काळ्या पडद्यातून तो चारही बाजूंनी आल्यासारखा वाटला. "भिंतीला धरून या."

"भिंत कुठाय?"

"शेड तुमची आहे, मला काय विचारता?"

त्यांनी चाचपडत हात पुढं केला. ओली पानं लागली. शेंडा लागला. बोटांनी शेंडा चाचपला: नुसती पानं, कळी नाही. शेजारची कुंडी: पाला. तिच्या पुढची: पालाच. म्हणजे ही आठवी. आठवी इथं, तर तसबीर हिच्या मागं, आणि दार त्याच्या उलट अंगाला, सात मांडण्या ओलांडून. त्यांनी पाठ फिरवली, चार पावलं टाकली आणि हात लांब केला. बोटाला मिरीएवढा दाणा लागला, टणक, किंचित चिकट.

"सातवी," ते मोठ्यानं म्हणाले.

"काय झालं आप्पा?"

"काय न्हाय. येतोय. दार उघडू नको." पुढची मांडणी हाताला लागेपर्यंत त्यांना जरा वेळ लागला. "सहावी… का हीच सातवी? थांब, परत मोजतो."